एनबी एमएक्स-५ मध्ये के२४ बसवायचंय: गिअरबॉक्स, चेंबर, डिफ, वायरिंग यांत काय काय बदलतं?

वळणवेडा:

गाडी माझदा एमएक्स-५, दुसरी पिढी (एनबी), २००१ ची. १.८ लिटर व्हीव्हीटी, सहा गिअर, टॉर्सन डिफ (मागच्या चाकांचं डिफरन्शिअल), कागदावर ३.९ चा क्राउन-पिनियन (डिफमधली दातांची जोडी), स्टिअरिंग उजवीकडे. टायर २०५/५० आर१५. इंजिन ऑइल खायला लागलंय. रिंगा-बेअरिंग करून पुन्हा तेच १४० एचपी घेण्यापेक्षा मोठं इंजिन बसवावं असं ठरत आलंय. वापर मुख्यतः रस्त्यावर, अधूनमधून ट्रॅक-डे. एसी गेला तरी चालेल, हीटर हवा.

होंडाचं २.४ लिटरचं के२४ए२ इंजिन डोक्यात आहे. प्रश्न असे:

१. मूळ गिअरबॉक्स आणि डिफ टिकतील का?
२. के२४ चे बरेच प्रकार दिसतात. नेमकं कुठलं घ्यायचं आणि घेताना काय तपासायचं?
३. उजव्या स्टिअरिंगमुळे काही वेगळं करावं लागतं का?
४. वायरिंग आणि ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर): मूळ मीटर चालू ठेवायचे आहेत.
५. टर्बो किंवा एलएस व्ही८ हा पर्याय खरंच विचारात घ्यावा का?

डायलगेज:

गिअरबॉक्सपासून सुरुवात करतो, कारण इंजिन कुठलं टाकायचं याचं उत्तर बरंचसं तिथेच आहे.

मूळ १.८ चा टॉर्क साधारण १७० एनएम. के२४ए२ चा २२५ च्या आसपास. म्हणजे वाढ एक-तृतीयांश. गिअरबॉक्सचे दात टॉर्कने तुटतात, एचपीने नाही, त्यामुळे २०० एचपी हा आकडा ऐकून घाबरायचं कारण नाही. तुमचा सहा-गिअर बॉक्स हे सहज झेलतो. पाच-गिअरवालाही रस्त्यावर चालून जातो, पण त्यात पुढे टर्बोची स्वप्नं बघू नयेत. डिफचा क्राउन १.८ च्या गाड्यांत ७ इंची आहे, तो पुरेसा आहे. जुन्या १.६ गाड्यांतला ६ इंची असता तर तो आधी बदला म्हटलं असतं.

या स्वॅपचा खरा फायदा असा की गिअरबॉक्स जागचा हलत नाही. गिअरबॉक्सच्या शेपटापासून डिफपर्यंत जाणारी ॲल्युमिनियमची पीपीएफ फ्रेम, प्रोपेलर शाफ्ट, गिअर लिव्हरची जागा, सगळं जसंच्या तसं. इंजिनच गिअरबॉक्सकडे येतं. शिवाय मूळ बीपी इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि के२४ चा ॲल्युमिनियमचा, त्यामुळे अर्धा लिटर जास्त असूनही पुढच्या चाकांवरचं वजन फारसं बदलत नाही. स्प्रिंगा तशाच चालतात.

आता कुठलं के२४. २,३५४ सीसी (८७ मिमी बोअर, ९९ मिमी स्ट्रोक) हे सगळ्यांचं सारखं, फरक हेडमध्ये. के२४ए२ हे ॲक्युरा टीएसएक्सचं इंजिन: १०.५:१ कॉम्प्रेशन, इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही कॅमवर खरं व्हीटेक (वरच्या आरपीएमला व्हॉल्व्ह मोठ्या लोबवर नेणारी होंडाची यंत्रणा). के२४ए४ वगैरे अकॉर्ड, एलिमेंटमधली इंजिनं दिसायला सारखीच, पण त्यांचं व्हीटेक फक्त इनटेकवर आणि तेही इंधन वाचवण्यासाठीचं. खालच्या आरपीएमला एक इनटेक व्हॉल्व्ह जवळजवळ बंद ठेवतात, एवढंच. ती १६० एचपीच्या आसपास थांबतात. विकणारा सगळ्यांनाच ‘के२४’ म्हणतो. टॅपेट कव्हर उघडायला सांगा: एक्झॉस्ट कॅमवर प्रत्येक सिलिंडरला तीन लोब दिसले तरच पुढे बोला. २००८ नंतरच्या अकॉर्डमधलं के२४झेड३ टाळा. त्यात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला आहे, हेडर (एक्झॉस्टचा पाइपसंच) बसवायला चार पोर्टच मिळत नाहीत.

कव्हर उघडलंच आहे तर एक्झॉस्ट कॅमचे लोब बॅटरीच्या उजेडात नीट बघा. टोकाशी खवले उडाल्यासारखे खड्डे असतील तर कॅम आणि रॉकर दोन्ही गेले. के२४ए२ मध्ये हा प्रकार बऱ्यापैकी दिसतो. मग कॉम्प्रेशन: होंडाची किमान मर्यादा ९३० केपीए आणि सिलिंडरांमधला फरक २०० केपीएच्या आत. आकडे चांगले आले तरी लीक-डाउन (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणं) करून घ्या. १० टक्क्यांच्या वर गळती असेल तर आवाज कुठून येतो ते ऐका: ऑइल फिलरमधून आला तर रिंगा, सायलेन्सरकडून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. चेन कव्हरवर टेन्शनरसमोर एक छोटं झाकण असतं, ते काढून टेन्शनरचा दांडा किती बाहेर आलाय ते बघा. खूप बाहेर असेल तर चेन ताणलेली आहे.

इंजिन बाहेर असतानाच मागचं क्रँक सील, पुढचं क्रँक सील, वॉटर पंप, व्हीटेक सोलेनॉइडची गॅस्केट आणि थर्मोस्टॅट बदलून टाका. व्हीटेक सोलेनॉइडची गॅस्केट गळली की ऑइल ब्लॉकवरून खाली उतरतं आणि माणूस मागचं सील गळतंय समजून गिअरबॉक्स उतरवत बसतो.

होंडाचं इंजिन माझदाच्या गिअरबॉक्सला जोडणारी ॲडॅप्टर प्लेट तयार घ्या, स्वतः कापायला जाऊ नका. आणि तयार घेतली तरी मोजा. क्रँकच्या फ्लँजवर डायल गेज लावा, बेल हौसिंगच्या (गिअरबॉक्सच्या पुढच्या कवचाच्या) मधल्या गोल रजिस्टरवर टोक टेकवा आणि क्रँक हाताने पूर्ण एक फेरा फिरवा. गेजची एकूण हालचाल ०.१३ मिमीच्या आत हवी. जास्त असेल तर ऑफसेट डॉवेल लावून जुळवायचं. हे न करता बसवलं तर गाडी चालते, पण क्लच नीट सुटत नाही, पायलट बेअरिंग किणकिणतं, काही हजार किलोमीटरमध्ये इनपुट शाफ्टचं बेअरिंग आवाज करायला लागतं आणि दोष बिचाऱ्या गिअरबॉक्सला लागतो.

चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं. के२४ मूळ गाडीत आडवं बसतं. तिथे वळणावर ऑइल क्रँकच्या लांबीच्या दिशेने सरकतं. तुमच्या गाडीत इंजिन उभं, म्हणजे वळणावर तेच ऑइल क्रँकच्या आडव्या दिशेने एका बाजूच्या भिंतीवर चढतं. म्हणून मूळ चेंबर कापून-जोडून उंची जमवली तरी आतले बॅफल (ऑइल अडवणारे पडदे) चुकीच्या दिशेला राहतात. लांब वळणात प्रेशर शून्याकडे जातं, दोन-तीनदा झालं की कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. या गाडीसाठी बनवलेलं, दारं असलेलं चेंबर घ्या: दारं पिकअपकडे (पंपाच्या ऑइल ओढणाऱ्या तोंडाकडे) उघडणारी, उलट बंद होणारी. पिकअप आणि चेंबरचा तळ यांत ६ ते १० मिमी अंतर हवं. मातीचा छोटा गोळा पिकअपखाली ठेवून चेंबर गॅस्केटसह कसायचं, उघडायचं, गोळ्याची जाडी कॅलिपरने मोजायची. पाच मिनिटांचं काम आहे.

चेंबर बदललं की डिपस्टिकच्या खुणा निरुपयोगी. गाडी सपाट जागी उभी करून चेंबर बनवणाऱ्याने सांगितलेलं माप ओता, फिल्टर भरेपर्यंत इंजिन फिरवा, थोडं थांबा आणि डिपस्टिकवर नवी खूण कोरा.

तार_आणि_धार:

चौथ्या प्रश्नाबद्दल. मूळ माझदा ईसीयूने हे इंजिन चालणार नाही, तो नाद सोडा. के-सिरीजची प्रत्येक प्लगवर स्वतःची कॉइल आहे, तिच्यातच इग्नायटर असतो आणि तिला तीनच तारा: बारा व्होल्ट, अर्थ, ट्रिगर. माझदाची कॉइल दोन सिलिंडरांना एकत्र ठिणगी देणारी. वर के२४ ला व्हीटीसी हवं, म्हणजे इनटेक कॅमचा कोन चालू गाडीत बदलता आला पाहिजे. दोनच मार्ग: होंडाचा ईसीयू प्रोग्राम करता येईल असा करून घेणं, नाहीतर के-सिरीजचे सेन्सर वाचणारा स्टँडअलोन, म्हणजे वेगळा विकत मिळणारा ईसीयू. रस्त्यावरच्या गाडीला दोन्ही चालतात. वायरिंग स्वतः करणार असाल तर स्टँडअलोन सोपा पडतो, कारण होंडा ईसीयू जे नाही त्याची तक्रार करत बसतो.

थ्रॉटल आधी ठरवा. टीएसएक्सचं थ्रॉटल इलेक्ट्रॉनिक आहे, तुमचं पेडल केबलचं. एकतर ॲक्युरा आरएसएक्स टाइप-एसचं केबलवालं थ्रॉटल बॉडी आणि त्याला जुळणारा इनटेक मॅनिफोल्ड घ्या, नाहीतर इलेक्ट्रॉनिक पेडल बसवा आणि ते चालवणारा ईसीयू घ्या. अर्धं-अर्धं होत नाही. अर्धी वायरिंग झाल्यावर हा प्रश्न पडणारे बरेच असतात.

मीटर:

आरपीएम काटा: एनबीचा काटा क्रँकच्या एका फेऱ्याला दोन पल्स मागतो. स्टँडअलोनच्या टॅको आउटपुटला लावा. काटा मेलेला राहिला तर ती तार आणि १२ व्होल्ट यांच्यामध्ये १ किलो-ओहमचा रेझिस्टर टाका. बहुतेक ईसीयूंचं आउटपुट फक्त अर्थकडे खेचतं, वर ढकलत नाही.

टेम्परेचर: काट्यासाठी माझदाचाच सेंडर नव्या कूलंट पाइपमध्ये बॉस वेल्ड करून बसवा. होंडाच्या सेंडरचा रेझिस्टन्स वेगळा, काटा खोटं बोलेल. ईसीयूसाठी होंडाचा सेन्सर हेडवर आहे तिथेच राहू दे.

स्पीडोमीटर: एनबीत गिअरबॉक्सवर इलेक्ट्रिक सेन्सर आहे, गिअरबॉक्स तोच, म्हणून काहीच करायचं नाही. फक्त क्राउन-पिनियन बदलला तर आकडा चुकेल.

अल्टरनेटर: एनबीत व्होल्टेज माझदाचा ईसीयू ठरवतो. त्या तारा नव्या अल्टरनेटरला जोडू नका. होंडाच्या अल्टरनेटरला स्वतःचा रेग्युलेटर आहे, इग्निशनची आणि दिव्याची तार द्या. इमोबिलायझर मूळ ईसीयूशी बांधलेला असतो, स्टार्टर त्याच्याकडून अडवला जात नाही ना ते आधी पाहा.

आणि अर्थिंग. बॅटरी डिकीत आहे, लक्षात ठेवा. इंजिनापासून बॉडीला जाड पट्टी (किमान २५ चौरस मिमी), हेडपासून ईसीयूच्या अर्थला वेगळी तार. स्टार्टर फिरत असताना मल्टीमीटरचं एक टोक ब्लॉकवर, एक बॅटरीच्या निगेटिव्हवर धरा: ०.३ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थ कच्चं आहे. पट्टी जोडायची राहिली तर स्टार्टरचा करंट थ्रॉटल केबलमधून रस्ता शोधतो. केबल गरम होते, आतलं प्लास्टिक वितळतं आणि थ्रॉटल उघडं अडकतं. पहिल्यांदा स्टार्ट करताना एकाने केबलवर बोट ठेवून बघावं.

टॉर्क_आधी:

पाचव्याबद्दल थोडक्यात. टर्बो: ऑइल पिणाऱ्या इंजिनावर टर्बो म्हणजे आधी तेच इंजिन उघडणं आलं, आणि उघडलं की रॉड बदलणं आलं, कारण बीपीचे मूळ रॉड हाच त्याचा कच्चा दुवा. तेवढं करून बूस्ट येईपर्यंत थांबणारी गाडी मिळते. एलएस: ५.७ लिटरचं एलएस१ बसतं, अनेक गाड्यांत बसलेलं आहे. पण त्याबरोबर टी५६ सारखा गिअरबॉक्स, वेगळं डिफ, नवे ॲक्सल, नवा सबफ्रेम येतो आणि पीपीएफ जाते. म्हणजे एमएक्स-५ ची बॉडी घालून दुसरीच गाडी बांधणं. ज्याला तेच हवंय त्याने करावं. तुमचा वापर बघता के२४ बरोबर आहे.

एकच भर: ९९ मिमी स्ट्रोक विसरू नका. ७,२०० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २३.८ मीटर होतो. होंडाच्याच दोन लिटरच्या, ८६ मिमी स्ट्रोकच्या के२० ला तोच वेग ८,३०० ला येतो. लोक ‘होंडा आहे, ओढा’ म्हणून के२४ ला ८,२०० पर्यंत नेतात. लिमिटर ७,२०० ला ठेवा. पॉवरचा शिखरबिंदू तसाही त्याच्या आधी संपतो.

वळणवेडा:

फार उपयोगी. दोन शंका. बघून ठेवलेल्या एका इंजिनाला थंड असताना स्टार्ट केलं की एक-दोन सेकंद करकर आवाज येतो, मग शांत. चेन का? आणि दुसरं, काही जण म्हणतात ऑइल पंप के२० चा टाकल्याशिवाय के२४ ट्रॅकवर नेऊच नये. मी लिमिटर ७,२०० ला ठेवला तर?

डायलगेज:

एक-दोन सेकंद आणि फक्त थंड असताना, तर चेन नाही, व्हीटीसी ॲक्च्युएटर. इनटेक कॅमच्या पुढच्या गिअरमधली लॉक पिन झिजलेली असते. ऑइल निथळलं की कॅम मोकळा हलतो, प्रेशर आलं की आवाज थांबतो. नवीन ॲक्च्युएटर टाका, इंजिन बाहेर असताना सोपं आहे. त्याचबरोबर व्हीटीसीची जाळी साफ करा. चेनचा आवाज वेगळा: गरम इंजिनावरही, हलकी रेस सोडताना, खडखड स्वरूपाचा. इंजिन नाकारायचं कारण नाही हे, पण किमतीवर बोलायचं कारण नक्की आहे.

पंपाबद्दल. के२४ए२ च्या पंपाबरोबर बॅलन्स शाफ्ट जोडलेले असतात, ते क्रँकच्या दुप्पट वेगाने फिरतात: ७,२०० ला १४,४००. वरच्या आरपीएमला ते ऑइल घुसळतात, हवा मिसळते, पंपाला फेस मिळतो. आरएसएक्स टाइप-एसच्या के२०ए२ पंपाला बॅलन्स शाफ्ट नाहीत, म्हणून लोक तो टाकतात. टाकायचा तर पंपाबरोबर त्याचीच चेन, गाइड, टेन्शनर घ्या आणि विंडेज ट्रे व ब्लॉकचा आतला एखादा उंचवटा घासून जागा करावी लागते. पंप बसवून क्रँक दोन पूर्ण फेरे हाताने फिरवल्याशिवाय चेंबर बंद करू नका.

माझं मत: ७,२०० आणि रस्ता असेल तर मूळ पंप ठेवा. बॅलन्स शाफ्ट काढले की ३ ते ४ हजारांच्या दरम्यान आरसा थरथरतो, सीटमधून मुंग्या येतात.

टॉर्क_आधी:

इथे पटत नाही. रस्त्यासाठी मूळ पंप, मान्य. पण ‘अधूनमधून ट्रॅक’ म्हणजे गरम ऑइल, लांब वळणं आणि सतत ६ हजारांच्या वर. इंजिन एकदा गाडीत बसलं की पंप बदलायला सबफ्रेम खाली घ्यावा लागतो. बाहेर असतानाच करून टाकलेलं बरं. कंपनं मऊ माउंटिंगने बरीच कमी होतात, पक्क्या पॉलियुरेथेनच्या नादी लागू नका.

डायलगेज:

मऊ माउंटिंगचं बरोबर. पंपाचं ज्याने त्याने ठरवावं, पण पंप बदलून जुनं चेंबर ठेवण्यापेक्षा पंप तोच ठेवून बॅफलवालं चेंबर घेणं कधीही चांगलं. निवड करायचीच वेळ आली तर चेंबर.

उजवीकडचा_पेडल:

तिसरा प्रश्न मागे पडला, आणि तो या गाडीत सगळ्यात महत्त्वाचा.

एमएक्स-५ च्या मूळ इंजिनात इनटेक उजवीकडे, एक्झॉस्ट डावीकडे. के२४ उभं बसवलं की उलट: इनटेक डावीकडे, एक्झॉस्ट उजवीकडे. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत त्यामुळे हेडरला मोकळं मैदान मिळतं. तुमच्या गाडीत मात्र त्याच बाजूला स्टिअरिंगचा शाफ्ट, ब्रेकचा मास्टर सिलिंडर आणि क्लचचा मास्टर सिलिंडर आहेत. डाव्या स्टिअरिंगसाठीचा हेडर तुमच्या गाडीत शाफ्टला भिडतो. उजव्या स्टिअरिंगसाठी वेगळा हेडर बनतो, तोच मागवा, आणि संच घेताना हे लिहून विचारा. एका बाबतीत तुमचा फायदा: ब्रेक बूस्टर उजवीकडे असल्याने डावीकडे इनटेक मॅनिफोल्डला भरपूर जागा आहे.

हेडर बसल्यावर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि शाफ्टच्या प्रत्येक जॉइंटपाशी अंतर बघा. थंड असताना किमान १० मिमी हवं, कारण इंजिन माउंटिंगवर हलतं आणि हेडर तापल्यावर लांबतो. इंजिन जॅकने थोडं उचलून आणि झुकवून पुन्हा बघा.

मग उष्णता. क्लचचा स्लेव्ह सिलिंडर बेल हौसिंगच्या उजव्या बाजूला आहे. मूळ गाडीत तिथे एक्झॉस्ट नव्हता, आता डाउनपाइप शेजारून जातो. रबरी होज तापला की आतलं ब्रेक ऑइल उकळतं, ट्रॅफिकमध्ये क्लचचं पेडल जमिनीला चिकटतं आणि थंड झालं की आपोआप ठीक होतं. लोक मास्टर सिलिंडर बदलत बसतात. होजच्या जागी स्टीलची विणलेली लाइन, तिच्यावर उष्णतारोधक बाही, आणि डाउनपाइप व स्लेव्ह यांच्यामध्ये पत्र्याची ढाल. ढाल पाइपला चिकटवायची नाही, मध्ये १० मिमी हवा राहू द्या. ब्रेक मास्टरच्या खालीही तसंच. हेडरला नुसता कापडी रॅप गुंडाळून भागत नाही. ऑइल सांडलं तर तो रॅप ते शोषून ठेवतो आणि मग आगीला निमंत्रण.

सबफ्रेमबद्दल कुणी बोललं नाही. एनबीत पुढचा सबफ्रेम फक्त इंजिन धरत नाही, खालचे कंट्रोल आर्म आणि स्टिअरिंग रॅक त्याच्यावरच आहेत. नव्या सबफ्रेमवर रॅकची उंची काही मिलिमीटर जरी चुकली तरी खड्ड्यावर चाक स्वतःहून वळतं. बसवण्याआधी जुना आणि नवा सबफ्रेम शेजारी उलटे ठेवून रॅकच्या बोल्टपासून आर्मच्या भोकापर्यंतची मापं पडताळून बघा. नंतर पूर्ण व्हील अलाइनमेंट: कॅम्बर, कॅस्टर, टो.

बोनेट: के२४ चा ब्लॉक के२० पेक्षा १९.५ मिमी उंच आहे (डेक २३१.५ विरुद्ध २१२ मिमी). कुणी के२० बसवून बोनेट बंद झाल्याचा फोटो दाखवला तर तो पुरावा धरू नका.

वळणवेडा:

हेडरचं आधी कळलं ते बरं झालं. गिअरिंगचं काय? मोठं इंजिन आणि ३.९, पहिला गिअर फारच छोटा होईल असं वाटतंय.

टॉर्क_आधी:

होईल. पण आधी ३.९ च आहे का ते मोजा, कागदावर जाऊ नका. सहा-गिअरच्या काही गाड्यांत ३.६ आलेला आहे. मागची दोन्ही चाकं उचला, न्यूट्रल, प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण, दोन्ही चाकं एकत्र दहा फेरे फिरवा. शाफ्टचे ३९ फेरे झाले तर ३.९, ३६ च्या थोडे वर झाले तर ३.६.

तुमच्या टायरचा परीघ १.८४ मीटर. सहा-गिअरचा पहिला ३.७६०, दुसरा २.२६९, सहावा ०.८४३. ७,२०० ला:

३.९ असेल तर पहिला ५४ किमी, दुसरा ९० किमी, आणि सहाव्यात १०० ला २,९८० आरपीएम.

३.६ असेल तर पहिला ५८, दुसरा ९६, सहाव्यात १०० ला २,७७०.

फरक छोटा वाटतो, पण २२५ एनएमला ३.९ सोबत पहिला गिअर नुसता चाकं फिरवतो. मी ३.६ ठेवीन. आधी ३.९ वर चालवून बघा, तो बदल नंतर कधीही होतो. क्राउन-पिनियन बदलताना बॅकलॅश आणि दातांवरची रंगाची छाप ज्याला वाचता येते त्याच्याकडूनच बसवून घ्या.

तार_आणि_धार:

इंधनाचं राहिलं. २०० एचपीला नॅचरल इंजिन तासाला साधारण ४५ किलो, म्हणजे ६० लिटर पेट्रोल पितं. मिनिटाला एक लिटर. जुना पंप तेवढं देतो का ते मोजा: चालत्या प्रेशरवर, मापाच्या भांड्यात, १५ सेकंद. २५० मिली म्हणजे जेमतेम, ३५० च्या वर आलं तर निश्चिंत. कमी आलं तर आधी फिल्टर बदलून पुन्हा मोजा, मग पंपाला हात लावा. त्याच हिशेबाने इंजेक्टर ८५ टक्के ड्यूटीवर साधारण २९५ सीसी प्रति मिनिट लागतात. म्हणून मोठाले इंजेक्टर टाकू नका, आयडल बिघडतं.

पहिला स्टार्ट: इंजेक्टर आणि कॉइलचे फ्यूज काढा, प्लग काढा, प्रेशर येईपर्यंत स्टार्टर मारा, दहा-दहा सेकंदांच्या हप्त्यांत. मूळ मीटरच्या काट्यावर विसंबू नका, मेकॅनिकल गेज लावा. गरम झाल्यावर होंडाची किमान मर्यादा: आयडलला ७० केपीए, ३,००० ला ३०० केपीए. टायमिंग लाइट लावून ईसीयूत दिसणारा कोन आणि पुलीवरचा कोन एकच आहे ना ते बघा. इथे दहा अंशांची चूक असेल तर पुढचं सगळं ट्यूनिंग खोटं.

डायनोवर (पॉवर मोजायच्या यंत्रावर) व्हीटीसीचे ओढे, म्हणजे फुल रेसच्या चाचण्या, ०, १०, २०, ३०, ४०, ५० अंशांवर एकेक करून घ्या आणि प्रत्येक आरपीएमला ज्याचा टॉर्क जास्त तो कोन नकाशात भरा. व्हीटेकचंही तसंच: एक ओढा फक्त छोट्या लोबवर, एक फक्त मोठ्यावर. दोन्ही टॉर्करेषा जिथे एकमेकींना कापतात तिथे बदल. फुल रेसला लॅम्डा (हवा-इंधनाचं प्रमाण) ०.८६ ते ०.८८. लॅम्डा मोजणारा वाइडबँड सेन्सर पाइपला आडवा किंवा खालच्या बाजूने लावू नका. आडव्या रेषेपासून १०-१५ अंश तरी वर हवा, नाहीतर पाणी साचून फुटतो.

उजवीकडचा_पेडल:

हीटर ठेवणार म्हणालात, ते बरं. के-सिरीजचा थर्मोस्टॅट पाणी आत येण्याच्या बाजूला आहे, हीटरची परतीची लाइन तिथेच यायला हवी. ती बुच मारून बंद केली की थर्मोस्टॅटला गरम पाणी कळत नाही, काटा वर-खाली झोके घेतो. रेडिएटर इंजिनापेक्षा खाली बसतो, त्यामुळे वरच्या कूलंट पाइपच्या सगळ्यात उंच जागी हवा काढायचा स्क्रू किंवा फिलर हवाच. नाक उंच करून भरा, हीटर फुल गरमवर.

आणि पहिल्या २००-३०० किलोमीटरनंतर पीपीएफचे बोल्ट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. ते कसण्याआधी गिअरबॉक्सचं शेपूट जॅकवर घेऊन मूळ उंचीला आणा. उंची चुकली तर ८० च्या पुढे एका ठराविक वेगाला गुणगुण येते आणि ती प्रोपेलर शाफ्ट कितीही बॅलन्स केला तरी जात नाही.